चार कॅलेंडरं

माल स्वस्त आला म्हणजे डम्पिंग झालं, असं नसतं. परदेशी विक्रेता स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात इकडे माल पाठवतो, आपल्या उत्पादकाचं नुकसान होतंय, आणि ते त्या आयातीमुळेच होतंय, हे सगळं आकड्यांनी दाखवावं लागतं. मी कॉस्ट अकाउंटंट. अशा आयातीवर जादा शुल्क लावा, असे रसायन कारखान्यांचे सरकारकडचे अर्ज मी केलेत. तिथे तपासाचं एक वर्ष आणि आधीची तीन, असे चार वर्षांचे आकडे दुपारपर्यंत हातात येतात.

चिनी बेदाण्याविरुद्ध अर्ज करता येईल का, हे बघायला तासगावला गेलो. सोबतच्या आमच्या ज्युनिअरने बेदाणा सुकवणाऱ्या शेडवाल्याकडे पहिल्यांदा मागितलं काय, तर फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टर, म्हणजे यंत्रं-इमारतींची नोंदवही. हुशार पोरगं आहे, पण द्राक्षाची बाग त्यानं फोटोतच पाहिलेली.

खरी गोम हिशेबाच्या वर्षात आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, फेब्रुवारीपासून शेडवर माल. म्हणजे खर्च एका आर्थिक वर्षात सुरू होतो, बेदाणा पुढच्या वर्षात विकला जातो, उरलेला कोल्ड स्टोरेजमध्ये दिवाळीपर्यंत पडून. किलोमागे खर्च काढायला आधी छाटणी ते पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याकडून येणारा विक्रीचा हिशेब, असं आमचं वेगळं वर्ष आखावं लागलं. ते मी आखलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

पावत्या मात्र औषधांच्या आणि सुकवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या डिपिंग ऑइलच्याच. मजुरीच्या नाहीत. एका घरातल्या काकूंनी खिळ्यावरची चार वर्षांची कॅलेंडरं काढून दिली. प्रत्येक चौकोनात किती बाया आल्या, किती रोज दिला. फवारणीला फुली. स्वतः राबलेल्या दिवसांवर काहीच खूण नव्हती.

"तुमचे दिवस कुठे लिहिलेत?" मी विचारलं.

"माझे कशाला लिहायचे? मी रोजच असते की."

त्या एका घराचा तक्ता चोख झाला. पण देशातल्या एकूण उत्पादनात मिळून किमान पंचवीस टक्के वाटा असलेल्या उत्पादकांचा अर्जाला पाठिंबा लागतो. तोही तोंडी चालत नाही, कागद लागतात. कारखाने चार असले की हे जमतं. इथे बागाईतदार हजारो, आणि कॅलेंडर ठेवणारं घर मला एकच सापडलं. शिवाय बागाईतदारांच्या बैठकीत अर्ध्याहून जास्त तक्रारी वेगळ्याच निघाल्या. चीनचा माल अफगाणी म्हणून, शुल्क चुकवून येतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं असेल तर तो गुन्हा आहे, डम्पिंग नाही. दार कस्टमचं ठोठवायचं. हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, "साहेब, भाव पडला तो पडलाच ना?"

अर्ज झाला नाही. दिल्लीच्या वकिलांनी फोनवर दोन मिनिटांत विषय मिटवला. तक्त्यात काकूंच्या मजुरीच्या रकान्यात मी अंदाजाने रोज धरला होता. तो कमी धरला की काय, हे अजून डोक्यातून जात नाही.

परवा काकूंचा फोन आला. कॅलेंडरं परत हवीत. त्यात दुधाचाही हिशेब आहे.