मार्से मिळालं, पण शब्द गेला

आज मेगाब्लॉक म्हणून भांडुपहून कुठे हललोच नाही, सकाळपासून मेडिव्हल टू टोटल वॉर लावून बसलो. मध्ययुगीन युरोपातल्या राज्यांचा आणि लढायांचा २००६ चा कॉम्प्युटर गेम आहे पण अजून तितकाच जीव आहे त्यात. मी मिलानचं राज्य घेतलेलं, फ्रान्सशी अलायन्स, सगळं छान चाललेलं आणि मग फ्रान्सचं मार्से दिसलं, आत जेमतेम दोन तुकड्या, मोह आवरला नाही, मित्राच्याच शहराला वेढा घातला, जिंकलो, आणि कैदी सोडायचा पर्याय समोर असताना सगळे मारून टाकले.

पोपचा निरोप आला, कॅथलिकांवरचा हल्ला थांबव. नाही थांबलो. बहिष्कृत केलं. पण खरं लागलं ते नंतर, माझा डिप्लोमॅट व्हेनिसच्या वेशीवर उभा, नुसते व्यापाराचे हक्क मागतोय, वर दोन हजार फ्लोरिन (गेममधले पैसे) देतोय, तरी नकार. परत नकार. मावसभाऊ बाजूला बसलेला, नववीत आहे, म्हणाला दादा, फ्रान्सला फसवलंस ना, मग हे कशाला विश्वास ठेवतील?

काय बोलणार. बरोबरच होतं त्याचं. जुनी सेव्ह लोड करून मार्सेच्या आधी परत जाता आलं असतं, पण नाही गेलो, ते मला पटलंच नाही. जे केलं ते निस्तरायचं. संध्याकाळच्या लढाईत तीनशेच्या वर कैदी हाती लागले, खंडणी न मागता सोडून दिले. पोप म्हातारा झालाय, नवीन निवडून आला की बहिष्कार उठतो, तोवर चर्च बांधतोय आणि दिलेला एकही शब्द मोडत नाहीये.