जुनी लाइव्ह कॅसेट आणि बर्मिंगहॅमचा ‘टॉइम’

नागपूरच्या ४५ अंशांत कपाटात पडून राहिलेली इंग्रजी लाइव्ह कार्यक्रमाची कॅसेट लगेच वाजवू नका. उन्हाळ्याने आतल्या दाबपट्टीचा (टेप हेडवर दाबून धरणाऱ्या छोट्या गादीचा) गोंद सुटतो, आवाज दबतो. आधी ती पट्टी पुन्हा चिकटवून बसवा. कॅसेट कूलरजवळ तर नकोच, ओलाव्याने बुरशी धरते.

मग प्लेअरमधल्या, टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा छोटा स्क्रू मोनोत ऐकत, झांज लख्ख वाजेपर्यंत अगदी हळू फिरवा. टेपचा वेग ६ टक्के चुकला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने सरकतो, गायकाची बोलीही फसवते.

गाण्यांमधल्या गप्पा कापू नका, खरा ठेवा तिथेच! गायक कुठला, हे त्याच्या बोलीवरून कळतं. ‘टाइम’चा ‘टॉइम’ पूर्व लंडनमध्येही होतो. पण सोबत ‘बस’चं ‘बुस’ झालं तर बर्मिंगहॅम समजा. ‘बॅक’चा शेवट घशात ‘ख’सारखा घासला तर लिव्हरपूल.