दंडाला पांढरी फीत

सकाळी नऊपासून दंडाला पांढरी फीत बांधून कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी होते. हॉस्टेलच्या पाण्यासाठी मुलं धरणं धरून बसलेली, आणि आम्ही स्टाफमधले पाच जण स्वखुशीने मधले दुवे. घोषणा द्यायच्या नाहीत, मुलांना उठवायचंही नाही. गेटची वाट मोकळी ठेवायची आणि इकडचा निरोप तिकडे शब्द न बदलता पोचवायचा. (हेच अवघड. "मॅडम, जरा गोड करून सांगा ना," हे दोन्हीकडून ऐकलं!)

सोलापूरचं ऊन काय सांगायचं. दुपारी एका मुलीला चक्कर आली. सावली, मीठ-साखरेचं पाणी, झालं. खरा घोळ तीनला. वॉचमनने एकाचा फलक ओढला, पोरगं तापलं, "हात लावायचं काम नाय बे!" पुढच्या मिनिटाला काहीही झालं असतं. आमचे ग्रंथपाल सर नुसते दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, मग वॉचमनच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाला घेऊन गेले. त्याची तरी काय चूक, सकाळपासून तोही उन्हातच होता.

त्या फलकावर राज्यघटनेचं कलम 19 लिहिलं होतं, शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क. खाली चार हुतात्म्यांची चित्रं. 1930 ला इंग्रजांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावलेलं हे गाव, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले ते चौघे आपलेच. पोरांना पाठ करून घ्यावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी टँकर आला. लेखी आश्वासन उद्यावर. म्हणजे उद्या परत फीत. आणि टोपी, जी आज घरीच राहिली.