एक्स्ट्रॅक्टर नवा, पुंगळी जागच्या जागी

एआर-१५ धाटणीची ही रायफल टेबलावर आली तेव्हा तिच्या बोल्टमध्ये, म्हणजे काडतुसामागे बंद होणाऱ्या सरकत्या भागात, बाजारात मिळतं ते सगळं आधीच भरलेलं होतं: नवा एक्स्ट्रॅक्टर (झाडलेली पुंगळी ओढून काढणारा आकडा, म्हणजे हुक), त्याची कडक स्प्रिंग आणि स्प्रिंगभोवती ओ-रिंग. तक्रार मात्र जुनीच. रायफल तापली की झाडलेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, अडकते आणि मागून येणारं काडतूस तिच्या बुडावर आदळतं. मालकाला आता याहून महागडा एक्स्ट्रॅक्टर हवा होता. आधीच्या कारागिराने सुटे भाग बसवून दिले होते, पण अडकलेल्या पुंगळ्या बघायलाही मागितल्या नव्हत्या. निम्मं निदान पुंगळीवरच दिसतं. ती फेकून देऊन पार्ट बदलत बसणं याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

पहिला प्रश्न नेहमी एकच: पुंगळी चेंबरमध्येच राहते, की बाहेर निघून रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट सरकतो त्या धडात, अडकते? बाहेर निघत असेल तर एक्स्ट्रॅक्टरने आपलं काम केलेलं असतं. मग बघायचा तो पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर, किंवा बोल्ट पुरेसा मागे जातो की नाही. बोल्टला मागे ढकलणारा गॅस जिथून येतो त्या गॅस की चे स्क्रू ढिले झाले किंवा तो गॅस अडवणाऱ्या बोल्टवरच्या गॅस रिंगा झिजल्या तर बोल्ट तेवढा मागे जात नाही. रिंगांची परीक्षा सोपी आहे. बोल्ट पूर्ण बाहेर ओढायचा आणि तो ज्यात बसतो तो कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा करायचा. आपल्या वजनाने कॅरिअर खाली बसला तर रिंगा गेल्या. इथे तो उभा राहिला.

पुंगळ्या खरोखर चेंबरमध्येच राहत होत्या, आणि त्यांच्या बुडाच्या कडेचा आकड्याखालचा तुकडाच उडाला होता. माझ्या मते प्रकरण इथेच उलगडलं. आकडा घसरला तर कडेवर ओरखडा उठतो, फार तर कड वाकते. कड तुटते तेव्हा आकड्याने सोडलेलं नसतं, चेंबरनेच पुंगळी धरून ठेवलेली असते. आणखी कडक स्प्रिंग घातली असती तर आणखी कडा तुटल्या असत्या, एवढंच.

अडकलेली पुंगळी काढताना आधी मॅगझिन काढायचं, मग नळीच्या तोंडातून सळई हलकेच सोडून ती कुठवर जाते ते बघायचं. रिकाम्या पुंगळीत ती आत बुडापर्यंत पोचते. अलीकडेच थांबली तर पुढे गोळी आहे असं समजून हात थांबवायचा. जिवंत काडतुसावर सळई ठोकायची नाही.

एक्स्ट्रॅक्टरकडून लोक फार अपेक्षा करतात. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं, दाब उतरला की किंचित आकसतं, आणि मग मोकळी झालेली पुंगळी बाहेर आणायची, एवढंच त्याचं काम. कार्बाइन लांबीची, म्हणजे आखूड गॅसनळी असेल तर मुख्य नळीतून गॅस घेणारं छिद्र चेंबरजवळ असतं, बोल्ट लवकर उघडू लागतो आणि पितळाने भिंत अजून पुरती सोडलेली नसते. तिथे जास्त ताण खरंच उपयोगी पडतो. म्हणूनच एम४ या आखूड लष्करी रायफलीसाठी कडक स्प्रिंग आणि तिच्या आत काळा रबरी तुकडा आला. ओ-रिंग हे थोतांड नाही. पण कडक स्प्रिंग, रबर आणि वर ओ-रिंग एवढं एकदम घातलं तर आकडा कडेवरून उडी मारायला कुरकुरतो आणि बोल्ट लॉक व्हायच्या आधीच थांबतो. या रायफलीत बोल्ट हळू सोडला की नेमकं तेच होत होतं.

व्हिएतनाममध्ये एम१६ च्या, म्हणजे याच धाटणीच्या अमेरिकन लष्करी रायफलीच्या, पुंगळ्या अडकत होत्या तेव्हाची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असायला हवी. अमेरिकन काँग्रेसच्या आयकॉर्ड उपसमितीचा अहवाल १९६७ चा. काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, सैनिकांकडे साफसफाईचं साहित्य अपुरं. उपाय झाले ते क्रोम केलेलं चेंबर, मागे येणाऱ्या बोल्टचा धक्का झेलणारा सुधारलेला बफर आणि सफाईचे संच.

बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत, महागड्या एक्स्ट्रॅक्टरचा हा हव्यास जास्त महागात पडतो. रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्टच्या तोंडाचं कडं पुंगळीच्या बुडाला सगळीकडून वेढतं. साको पद्धतीचा एक्स्ट्रॅक्टर बसवायचा तर ते कापावं लागतं, आणि पुंगळी फुटली तर गॅस आवरायला तेच कडं असतं.

असो. काडतुसाच्या बुडावर मार्करने रेघ मारून, ती वर ठेवून एकेक काडतूस झाडलं. प्रत्येक पुंगळीच्या अंगावर, रेघेपासून साधारण त्याच बाजूला, बारीक खरखरीत उठाव. चेंबर साध्या पोलादाचं, क्रोम नाही, आणि तिथे गंजाने खड्डे पाडलेले. फुगलेलं पितळ त्यांत रुतत होतं. नळी मात्र आरशासारखी लख्ख! ५.५६ मिलिमीटर गोळीच्या नळीचा ब्रश नळीत घट्ट बसतो, पण चेंबर बुडाशी साडेनऊ मिलिमीटरहून रुंद असतं. तो ब्रश तिथून भिंतीला न लागता निघून जातो. चेंबरचा ब्रश वेगळा मिळतो आणि तो कोणी विकत घेत नाही.

८०० ग्रिटचा चेंबर होन (चेंबर आतून घासून गुळगुळीत करायचं हत्यार), भरपूर तेल, ड्रिल हळू, दर काही सेकंदांनी थांबून पुसायचं आणि बघायचं. खड्डे बुजवायचे नसतात, त्यांच्या उठलेल्या कडा घालवायच्या असतात. जास्त घासलं की चेंबरच मोठं होतं. मग मूळ एक्स्ट्रॅक्टर, मूळ स्प्रिंग आणि काळं रबर परत बसवलं. रायफल तापवूनही चालली. मालकाच्या नव्या एक्स्ट्रॅक्टरवरही चालली, फक्त ओ-रिंग काढावी लागली.

एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. मालक म्हणत होता की ओ-रिंग घातल्यावर काही दिवस सगळं ठीक होतं. ते ओ-रिंगमुळे, की ती घालताना बोल्ट उघडला, आकड्याखालचा पितळेचा कीस आणि काजळी निघाली, चेंबरही पुसलं गेलं, त्यामुळे? नवा पार्ट आणि साफसफाई एकाच बैठकीत होतात आणि श्रेय नेहमी पार्टला जातं. आता हे वेगळं करून तपासता येणार नाही, कारण ते चेंबर पहिल्यासारखं राहिलेलं नाही.

खोल खड्डे अजून तिथेच आहेत. पुन्हा अडकू लागली तर नळी बदलावी लागेल, आणि घेताना चेंबरला क्रोम आहे का ते आधी विचारा, असं पावतीच्या मागे लिहून दिलं आहे.