मिमोसावरून उतरलेले आणि न उतरलेले

गायमान, चुबुत प्रांत, अर्जेंटिना
28 जुलै

आज या खोऱ्यात सुटी आहे. 1865 साली याच तारखेला ‘मिमोसा’ हे जहाज वेल्समधून आलेल्या दीडशेच्या आसपास माणसांना घेऊन पॅटागोनियाच्या किनाऱ्याला लागले आणि तेव्हापासून इथली वेल्श मंडळी हा दिवस ‘उतरण्याचा सण’ म्हणून पाळत आली आहेत. पुएर्तो माद्रिनच्या किनाऱ्यावर समारंभ होतो आणि खोऱ्यातल्या विटांच्या जुन्या चॅपेलांमध्ये दुपारी चहा असतो. पाव, लोणी, घरचा मुरंबा, चीज आणि सुक्या मेव्याचा काळपट केक असा तो बेत. बाहेरून आलेल्या माणसाला एवढेच दिसते आणि त्याला हा खाण्यापिण्याचा उत्सव वाटतो. इथे काही महिने राहिल्यानंतर मला मात्र या दिवसाचा खरा विषय गेलेली माणसे हाच आहे असे वाटू लागले आहे.

मिमोसा लिव्हरपूलहून निघाले ते मे महिन्याच्या अखेरीस. चहाची वाहतूक करणारे ते जहाज. माणसांसाठी फळ्या ठोकून त्यात तात्पुरती सोय केलेली होती. आपली भाषा, आपली प्रार्थना आणि आपली शेती कोणत्याही जमीनदाराच्या वा सरकारी शाळेच्या धाकाविना जपता यावी, अशा जागेचा शोध बाला गावचे धर्मोपदेशक मायकेल डी. जोन्स यांनी चालवला होता आणि त्यातून हा दक्षिण टोकाकडचा ओसाड प्रदेश निवडला गेला. दोन महिन्यांच्या प्रवासात लहान मुले दगावली. त्यांना समुद्रातच निरोप द्यावा लागला. त्यांच्या आईबापांनी ज्या दिवशी नव्या भूमीवर पाय ठेवला, त्याच दिवसाला आपण सण म्हणतो, ही गोष्ट मी आज सकाळपासून मनातून काढू शकलेलो नाही.

उतरल्यावरही मृत्यूने फार वाट पाहिली नाही. माद्रिनला गोडे पाणी नव्हते. समुद्रकाठच्या मऊ खडकात खोदलेल्या खळग्यांवर आडोसे करून लोक राहिले आणि पुरुष मंडळी साठ-पासष्ट किलोमीटर चालत नदीच्या खोऱ्याकडे निघाली. डेव्हिड विल्यम्स नावाचा एक तरुण तर पहिल्याच दिवशी आसपासचा मुलूख पाहायला म्हणून टेकडीकडे गेला आणि परतला नाही. त्याचे अवशेष सापडले ते फार पुढे. कॅथरिन डेव्हिस ही उत्तर वेल्समधल्या लांद्रिलो गावची बाई किनाऱ्यावर उतरल्यानंतर काही आठवड्यांतच गेली. तिला तिथेच कोठेतरी पुरले आणि माणसे पुढे सरकली. दिवस असे होते की थडग्यापाशी थांबायला कोणाला फुरसत नव्हती. तिच्या खुणेवर गाव वाढत गेले, रस्ते झाले, घरे झाली. 1995 मध्ये माद्रिनला खोदकामात मानवी सांगाडा हाती लागला, तो तिचाच असावा असा तर्क निघाला आणि पुढे तिच्या वंशजांशी डीएनए जुळवून पाहिल्यावर त्याला पुष्टी मिळाली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नाव एकीकडे आणि हाडे दुसरीकडे अशी राहिली होती, ती त्या दिवशी एकत्र आली. हे काम करणाऱ्यांना यातून काही मिळायचे नव्हते. एका साध्या बाईचे, जिने काही स्थापन केले नाही की काही लिहून ठेवले नाही, तिचे तिला परत द्यायचे, इतकाच हेतू होता. आणि म्हणूनच मला हे काम या समाजाच्या उत्तम कामांपैकी एक वाटते.

आपल्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते. इथे तशी वेगळी तिथी नाही, पण 28 जुलै बऱ्याच अंशी तेच काम करतो.

काल दुपारी मी त्रेलेवजवळच्या मोरियाला गेलो होतो. 1880 मध्ये बांधलेले ते साधे, बैठे चॅपेल आणि त्याला लागून असलेली दफनभूमी. मिमोसावरच्या कितीतरी माणसांचा शेवटचा पत्ता हाच आहे. ज्यांच्या नावावरून त्रेलेव हे नाव पडले ते लुईस जोन्स इथे आहेत. वसाहतीचे पाद्री आणि तिचा इतिहास लिहिणारे अब्राहम मॅथ्यूजही इथेच. हिवाळा असल्याने शेतांचे कालवे कोरडे होते, चिनारासारख्या उंच झाडांच्या रांगा निष्पर्ण उभ्या होत्या आणि वारा असा होता की वहीचे पान एका हाताने धरून दुसऱ्या हाताने लिहावे लागत होते. एका दगडापाशी मी बराच वेळ बसलो. वरची सगळी अक्षरे वेल्श होती: नाव, वेल्समधल्या जन्मगावाचे नाव, बायबलमधली एक ओळ. ओळीचा शेवटचा भाग दगडाचा पापुद्रा सुटल्याने गेला होता. खाली नंतर कधीतरी बसवलेली धातूची छोटी पट्टी होती, तिच्यावर स्पॅनिशमध्ये ‘तुझी नातवंडे’ एवढेच. पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली, त्यांतला एक नवा, अजून चकाकणारा. म्हणजे अलीकडेच कोणीतरी येऊन ती सैल झालेली पट्टी घट्ट करून गेले होते. आजोबांची भाषा त्या माणसाला वाचता येत असेल की नाही, कोण जाणे. पण स्क्रू त्याने आणून बसवला.

या लोकांच्या स्मरणात कर्त्या माणसांना मानाची जागा आहे आणि ती रास्तच आहे. पहिली दोन वर्षे पिके करपली, वसाहत मोडायची वेळ आली, तेव्हा नदी चढलेली असताना तिचे पाणी चर खणून कोरड्या जमिनीवर घ्यावे, ही कल्पना 1867 मध्ये रेचल जेंकिन्स हिने नवऱ्याला सुचवली असे परंपरेने सांगितले जाते आणि ॲरन जेंकिन्सने ती करून दाखवली. पुढे कालव्यांचे जे जाळे उभे राहिले, त्यावर हे सगळे खोरे जगले. ॲरनचा 1879 मध्ये एका फरारी गुन्हेगाराने खून केला. 1899 च्या महापुराने घरे आणि पिके वाहून नेली आणि त्यानंतर काही कुटुंबे इथून कॅनडाला निघून गेली. त्यांचे मृत तिकडच्या मातीत आहेत. किनाऱ्यावर मिमोसाचे स्वागत करायला आधीच येऊन थांबलेले एडविन रॉबर्ट्स 1893 मध्ये वेल्समध्ये वारले. मायकेल डी. जोन्स तर इथे राहायला कधी आलेच नाहीत. त्यांचा मुलगा ल्विद आप इवान आला आणि 1909 मध्ये तो सांभाळत असलेल्या दुकानात दरोडेखोरांच्या हातून मारला गेला. एका स्वप्नाची किंमत कोणाकोणाच्या घरून वसूल झाली हे पाहिले की मन थबकते.

गायमानचे संग्रहालय जुन्या रेल्वे स्टेशनाच्या इमारतीत आहे. तेगाई रॉबर्ट्स यांनी ते कितीतरी वर्षे सांभाळले. त्या मायकेल डी. जोन्स आणि लुईस जोन्स या दोघांच्याही पणती. 2014 मध्ये त्या गेल्या. घराघरांतून आलेली बायबले, पत्रे, छायाचित्रे, चहाची भांडी, शिवणयंत्रे यांना तिथे जागा मिळाली. मी त्यांना पाहिलेले नाही, पण इथे कोणालाही जुने काही विचारले की पहिले वाक्य ‘तेगाई असत्या तर’ असे येते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गेलेल्यांची नोंद ठेवली, त्या व्यक्तीच्या जाण्याने अशा लहान समाजात जी पोकळी पडते ती कोणत्याही पुढाऱ्याच्या जाण्याहून मोठी असते, असे माझे मत झाले आहे. छायाचित्रात मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारे शेवटचे माणूस गेले की त्या रांगेतला माणूस दुसऱ्यांदा जातो.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज ही नोंद लिहायला बसलो, ती.

जॉन डॅनियल इव्हान्स तीन वर्षांचा असताना मिमोसावरून आला. तो या खोऱ्यात तेहुएल्चे या मूळ रहिवासी जमातीच्या मुलांबरोबर वाढला. त्यांच्याकडून घोडेस्वारी, शिकार आणि वाटा ओळखणे शिकला आणि पुढे नामांकित वाटाड्या झाला. मार्च 1884 मध्ये डोंगराकडून परतताना त्याच्यावर आणि त्याच्या तीन सोबत्यांवर हल्ला झाला. अर्जेंटिनाचे सैन्य त्या काळी मूळ रहिवाशांचा प्रदेश बळाने रिकामा करत होते आणि हे गोरे स्वार सैन्याचे हेर असावेत असा संशय हल्लेखोरांना आला होता, असे मानले जाते. तिघे मारले गेले. इव्हान्सच्या मालाकारा नावाच्या घोड्याने खोल घळीत उडी घेतली आणि त्याचा जीव वाचला. मालाकारा 1909 मध्ये मेला, तेव्हा इव्हान्सने त्याला त्रेवेलिन येथे पुरून वर मोठा दगड ठेवला आणि माझा जीव वाचवणाऱ्या घोड्याचे हे थडगे, असे त्यावर कोरून घेतले. आज लोक ते आवर्जून पाहायला जातात. मीही गेलो आहे आणि तिथे उभा असताना मला तो दगड योग्यच वाटला.

याच इव्हान्सने आपल्या आठवणींत दुसरा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. सैन्याच्या मोहिमेनंतर वालचेता येथे मूळ रहिवाशांना उंच तारांच्या कुंपणात डांबून ठेवले होते. वाटेवरून जाताना तारेला चिकटून उभे असलेले लोक त्याला दिसले. ते खोऱ्यातल्या वेल्श माणसांना ओळखत होते आणि त्यांच्याकडे नेहमी पाव असतो हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये पावासाठी वेल्श शब्द घालून ते थोडा पाव मागत होते. त्यांच्यात इव्हान्सला त्याचा बालमित्र दिसला. त्याला सोडवण्याचे त्याने प्रयत्न केले, पहारेकऱ्यांपुढे त्याचे काही चालले नाही, म्हणून नंतर पैसे घेऊन तो पुन्हा गेला. तोवर मित्र मरून गेला होता.

त्या मित्राचा दगड मी कोठेही पाहिलेला नाही.

इथल्या वेल्श लोकांनी मूळ रहिवाशांशी बऱ्याच अंशी सलोख्याने दिवस काढले, हे खरे आहे. पहिल्या हिवाळ्यांत तेहुएल्चेंनी त्यांना शिकार शिकवली नसती, तर पुढचा इतिहास लिहायला कोणी उरले नसते. सैन्याने या लोकांना दयेने वागवावे म्हणून वसाहतीतल्या माणसांनी 1883 मध्ये सेनाधिकाऱ्यांकडे लेखी विनंतीही केली होती. तरीही जमीन कोणाची गेली आणि कालवे कोणाच्या शेतांत गेले, हा प्रश्न उरतोच, आणि ज्यांच्यामुळे आपण तगलो त्यांना आपल्या मृतांच्या यादीत घ्यावे की नाही, हाही. माद्रिनच्या समारंभात आता तेहुएल्चे आणि मापुचे यांनाही बोलावले जाते, ही चांगली सुरुवात आहे. पण चॅपेलमधल्या चहाच्या वेळी जी नावे निघतात त्यांत तो मित्र येत नाही, आणि तो यावा असे मला फार मनापासून वाटते. इव्हान्सने त्याला आठवणीत ठेवले नसते तर आपल्याला तो माहीतच झाला नसता. म्हणजे वेल्श स्मरणाच्या वहीत त्याचे पान आधीच आहे. ते उघडायचे तेवढे बाकी आहे.

(जाता जाता एक नोंद. त्रेवेलिनच्या खोऱ्यावर हक्क अर्जेंटिनाचा की चिलीचा, हे ठरवण्यासाठी 1902 मध्ये जे ब्रिटिश अधिकारी आले आणि ज्यांच्यासमोर तिथल्या वेल्श वस्तीने अर्जेंटिनाच्या बाजूने कौल दिला, ते सर थॉमस होल्डिच त्यापूर्वी हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात वायव्य सरहद्दीवर वर्षानुवर्षे नकाशे काढत होते. दोन्हीकडे सीमा आखताना त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांचे कोणी किती ऐकले, यावर स्वतंत्रपणे वाचायला हवे.)

आज चहाच्या वेळी मी ज्यांच्या शेजारी बसलो होतो त्या ऐंशीच्या पुढच्या बाई. मी त्यांना आजीच म्हणतो आणि त्यांना ते आवडते. त्यांच्या घराण्यात वेल्श चालत आले आहे. मुलांशी त्या स्पॅनिश बोलतात, पणतू मात्र त्रेलेवच्या द्विभाषिक शाळेत पुन्हा वेल्श शिकतो. चार आवाजांत भजने म्हणून झाली, माणसे उठू लागली, तेव्हा मी त्यांना इव्हान्सचा वालचेताचा प्रसंग सांगितला. त्यांना तो ठाऊक होता. वडिलांनी सांगितला होता, म्हणाल्या, पण सणाच्या दिवशी असले बोलू नये म्हणून घरातच राहिला. मी म्हटले, “आजी, पुढच्या वर्षी चहा ओतण्यापूर्वी इव्हान्सचे ते एक पान कोणीतरी मोठ्याने वाचले तर?” त्यांनी लगेच होकार दिला नाही. काही लोकांना दुखेल, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेही आहे. मग बशीतला केकचा तुकडा रुमालात बांधता बांधता त्यांनी विचारले की वाचायचे कोणत्या भाषेत. मी म्हटले, तुम्ही सांगाल त्या भाषेत. “स्पॅनिशमध्ये,” त्या म्हणाल्या, “म्हणजे मुलांना कळेल. आणि वाचायला माझ्या पणतूला उभा करू. त्याला अजून वर्ष आहे, तयारी करून घेऊ.” येत्या रविवारी प्रार्थनेनंतर त्या हा विषय चॅपेलच्या मंडळापुढे काढणार आहेत आणि तोवर त्या पानाची स्वच्छ नक्कल मोठ्या अक्षरांत काढून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे.