फास्टर फेणेच्या लेखकाचे गाव

“मग त्यांनी इंदूरची गोष्ट का लिहिली नाही?” आज वाचनालयात एका मुलाने आपल्या आजीला विचारलेला हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ‘फास्टर फेणे’चे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० मध्ये आपल्या इंदुरातच झाला, हे आजींनी त्याला नुकतेच मोठ्या अभिमानाने सांगितले होते.

आजींना उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नसते.

भागवतांचे काम फार मोठे आहे. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठीत आणल्या, मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक चालवले आणि फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणेला पुण्यात आणून असा काही जिवंत केला की, २००१ मध्ये लेखक गेल्यानंतरही २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात खुद्द भागवतही एक पात्र म्हणून आले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यांनीही मुलांसाठी लिहिले. अशा लेखकाकडे आणखी काही मागणे मला योग्य वाटत नाही.

परंतु त्या मुलाची मागणी खरी आहे. तो घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलतो, राजवाड्याच्या गर्दीतून सायकल काढतो, आणि मराठी पुस्तक उघडले की त्याला बहुधा पुणे-मुंबईच भेटते. त्याच्या इंदुरात घडणारी, मुलांसाठी लिहिलेली मराठी कथा आपल्यापैकी कोणाच्या वाचनात आली आहे का?