वाळूत गेलेला मासा

पणजीतल्या एका हॉटेलच्या लॉबीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे. देखभाल माझ्याकडे. मंगळवारी दुपारी तिच्यात एक यलो कोरिस सोडला. हळदीसारखा पिवळा, बोटाएवढा, प्रवाळांजवळ राहणारा मासा. त्याआधी, नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून, त्याच्या पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत तासभर बसलो होतो. ‘समोर समुद्र असताना टाकीच्या पाण्यासाठी मीठ विकत कशाला?’ हे तिथलं नेहमीचं. अहो, पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी पाण्याचा खारटपणा पार उतरतो, टाकीला खुल्या समुद्राइतका खारटपणा, म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ लागते. बिल पास करताना हे कुणाला आठवत नाही.

गुरुवारी सकाळी मॅनेजरचा फोन. मासा चोरीला गेला. टाकीवर जाळी, म्हणजे उडी मारलेली नाही, फिल्टरमध्येही नाही. मग संशय कुणावर? रात्रपाळीच्या वॉचमनवर. दोडामार्गचे काका. मी पोचेपर्यंत त्यांना घरी पाठवून झालं होतं.

हा मासा संध्याकाळ झाली की डोकं खुपसून वाळूत शिरतो आणि तिथेच झोपतो, रात्रीच्या शिकाऱ्यांपासून लपून. टाकीचे दिवे अकरापर्यंत लखलखत असले तरी त्याला फरक पडत नाही, त्याचं घड्याळ त्याच्यापाशी. नव्या जागी आणलं की कधीकधी दोन-तीन दिवस वर येतच नाही. म्हणूनच मी दोन इंच बारीक वाळूसाठी भांडलो होतो. त्यांना शोभेची खडी हवी होती, जिच्यात त्याचं अंग खरचटलं असतं. भांडलो, पण कारण नीट सांगितलं नाही. माझ्या इतकं रोजचं, की सांगायचं सुचलंच नाही.

‘काठीने ढवळून दाखवा,’ मॅनेजर म्हणाला. ढवळलं तर घाबरून काचेवर आपटेल. नाही म्हटलं. उद्या सकाळी बघू.

शुक्रवारी नऊच्या सुमाराला कोपऱ्यातली वाळू चिमूटभर हलली. आधी पिवळं नाकाड. मग एक डोळा, गर्रकन फिरला. बराच वेळ तेवढंच. मग सुळकन सगळा बाहेर, जणू काही झालंच नाही.

दुपारी काका राहिलेली छत्री न्यायला आले. ‘सोमवारपासून या,’ मॅनेजर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला. काका टाकीपाशी थांबले.

‘हाच काय तो?’

‘हो काका.’

‘दोन रात्री मीच याला शोधत होतो हो. बॅटरी मारून मारून.’

त्यांनी छत्री काखेत मारली नि मागच्या दाराने गेले.